मशीनच्या खणातला रोट

प्रिय नूतनताई,

सुरतेतल्या सुरतेत, डिंडोलीहून गोडादऱ्याला पत्र लिहायची पाळी माझ्यावर येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शेअर रिक्षात बसले तर अंगावरचा घाम वाळायच्या आत मी तुझ्या दारात असते. पण तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस, आणि भाऊजींनी घरच्या ग्रुपवर सगळ्या नातेवाइकांसमोर लिहिलं की उज्ज्वलाने आमच्या घरात पुन्हा पाय ठेवू नये. बरं, नाही ठेवत पाय. पण माझं तोंड कोण शिवणार आहे? हे पत्र इंदुबाईंच्या हाती देतेय. त्या तुझ्याकडच्या लेस लावून झालेल्या साड्या न्यायला येतात तेव्हा भाऊजी मार्केटात असतात, म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल. एकटी बसून वाच. मधेच चुरगाळू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग हवं तर गॅसवर धरून जाळ.

आधीच सांगून ठेवते, माफी मी मागणार नाही. तुझ्या शीतलला मी ती बॅलेची फिल्म दाखवली, माझ्या घरात दाखवली, कानबाईच्या सणाआधीच्या शनिवारी, पार्लर लवकर बंद करून, शेजारी बसून दाखवली. चोरून नाही. आधी मी एकटीनं पूर्ण बघितली होती, कारण पोरगी चौदा वर्षांची आहे हे मलाही कळतं. तू फोनवर म्हणालीस ना, ज्याला स्वतःचं पोर नाही त्याला दुसऱ्याच्या पोरीची काय कदर. ते मी गिळलं. गिळलं म्हणजे विसरले असं समजू नकोस, पण आज त्याचं भांडण नाही. आजचं भांडण शीतलचं आहे.

भाऊजी लिहितात, नको ते दाखवलं. काय नको ते? पोरींचे तंग कपडे? अगं, भाऊजी ज्या दुकानात कामाला आहेत तिथे साडीच्या प्रत्येक बॉक्सवर उघड्या पाठीची बाई उभी असते, आणि ते फोटो ते स्वतः निवडून कॅटलॉगला लावतात. घरी येऊन तेच कॅटलॉग तुझ्या टीव्हीखाली ठेवतात. मागच्या गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर इवल्या इवल्या पोरी असल्या गाण्यावर कमरा हलवत होत्या की मला त्या गाण्याचे शब्द इथे लिहायला लाज वाटते. तेव्हा तर भाऊजींनी पुढे होऊन बक्षीस वाटलं, फोटो काढून घेतला. आणि माझ्या फिल्ममधली पोरगी पायाच्या अंगठ्यांवर उभी राहून घाम गाळते, ती मात्र वाईट चालीची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय!

आणि तुझ्या सासूबाई. मंगलाबाईंबद्दल मला मान आहे, त्यांच्यासारखी खीर सगळ्या गोडादऱ्यात कुणाला जमत नाही. पण बायकांचं नाचणं वाईट हे त्यांनी तरी बोलू नये. कानबाई उठते त्या दिवशी पदर खोचून, डोक्यावर देवीचा पाट घेऊन त्या तापीपर्यंत नाचत जातात, गुडघे दुखतात हे त्या दिवशी त्यांना आठवत पण नाही. किती सुंदर दिसतात तेव्हा! मी दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येतं. ती भक्ती आहे म्हणतेस, तर असू दे. पण जीव तोडून नाचणं म्हणजे काय, हे आपल्या बायकांना बाहेरून शिकवायची गरज नाही एवढंच माझं म्हणणं.

आता फिल्म मुलांनी बघण्यासारखी आहे की नाही, ते सरळ सांगते. आठ वर्षांच्या लेकराला मी दाखवणार नाही. त्यात पोरींच्या बोटांतून रक्त येतं, बूट काढताना मोजा चिकटलेला असतो. एक चुंबन आहे, एक-दोन शिव्या आहेत. शिकवणारी बाई रोज सकाळी पोरींना काट्यावर उभं करते आणि सगळ्यांसमोर वजन मोठ्यानं वाचते. त्यातली मुख्य पोरगी हळूहळू जेवायचं सोडते. घास तोंडात घातल्यासारखा करते आणि रुमालात घेते. शेवटी एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडते. असं सगळं आहे. गोड नाहीये. पण चौदा वर्षांच्या पोरीला, शेजारी आपलं माणूस बसलेलं असताना, हे दाखवायचं नाही तर कधी दाखवायचं? लग्न झाल्यावर?

शीतल सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी पंखा फुल केला तर म्हणाली मावशी थंडी वाजते, आणि माझी ओढणी अंगावर घेतली. श्रावणातली सुरतेची ती चिकचिक, मी स्वतः घामानं निथळत होते. चुंबन आलं तेव्हा आम्ही दोघी हसलो, शिव्या तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होत्या. पूर्ण फिल्मभर तिनं एकच सीन पुन्हा लावायला सांगितला. त्यांच्या त्या शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, मावशी, फरीथी लगाव ने. मी मागे घेऊन पुन्हा लावला. संपल्यावर तिनं मला एक प्रश्न विचारला आणि मी हसून काहीतरी उत्तर दिलं. तो सीन कुठला आणि प्रश्न काय ते पुढे सांगते, कारण मलाही त्याचा अर्थ कालच कळला.

मग तुमच्याकडे कानबाई बसली. रविवारी मी दर्शनाला आले होते, आठवतं ना? देवीच्या नैवेद्याचा तो गव्हाचा रोट तुमच्या कुळाचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, भाऊबंदांनीच बसून संपवायचा. मी परक्या कुळातली, म्हणून मला चहा दिलात आणि बाजेवर बसवलंत. ते बरोबरच आहे, मला त्याचं वाईट नाही वाटलं. पण ताई, जेवणाऱ्यांत न जेवणारी एकटी मीच होते, त्यामुळे डोळे मोकळे होते माझे. तुम्ही सगळे खीर-रोट खाण्यात, वाढण्यात, अजून घे अजून घे करण्यात दंग होतात. शीतल ताटातला रोट मोडत होती, कुस्करत होती, ताटाच्या या कडेचा त्या कडेला नेत होती, आणि तिचा डावा हात मांडीवर होता. मी नजर लावली तसं तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. तुला मी स्वयंपाकघरात येऊन म्हटलं होतं की पोरगी जेवत नाहीये गं. तू हातातली कढई न ठेवता म्हणालीस, उपास करून करून तिची भूकच मेली आहे, फार देवाची आहे माझी पोरगी. आणि ते सांगताना तुझ्या तोंडावर किती कौतुक होतं!

सोमवारी कानबाईला तापीवर पोचवलंत. मंगळवारी सकाळी तू कामाला बसलीस, बॉबिन काढायला शिलाई मशीनचा खण ओढलास, आणि आत तो रुमाल. त्यात सुकलेले रोटाचे तुकडे, मुंग्या लागलेले. मंगलाबाईंनी कपाळावर हात मारला, माय वं माय, कानबाई कोपी जाई म्हणून रडायला लागल्या. कुळाचा रोट पोरीनं टाकला! तू शीतलला विचारलंस का असं केलं, आणि ती एवढंच म्हणाली की फिल्ममध्ये ती पण असंच करते. झालं. तू तिच्या थोबाडीत मारलीस आणि मग मला फोन लावलास. हे सगळं तूच ओरडून सांगितलंस मला त्या फोनवर, मी मधे बोलायला गेले तर फोन आपटलास. त्यानंतर फिल्म वाईट, मावशी वाईट, डिंडोलीला जाणं बंद, डान्स क्लास बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ताई, तुम्ही सगळे देवीकडे बघत होतात. देवीचा अपमान झाला, देवीला काय सांगायचं, कुठला नारळ फोडायचा, कुणाला विचारायचं. तो रोट कुणाच्या पोटात जायचा होता आणि गेला नाही, हे घरात एकानं तरी विचारलं का? कानबाई आई आहे ना? मग आईला काय जास्त लागेल, रोट वाया गेलेला की लेकरू उपाशी राहिलेलं? जा, मंगलाबाईंना विचार. त्यांचं उत्तर चुकायचं नाही, फक्त कुणी त्यांना प्रश्न विचारला पाहिजे.

फिल्मनं शिकवलं म्हणतेस तर मला एक सांग. फिल्म बघितली श्रावणात. त्याआधी वैशाखात, आखाजीला माझ्या घरी तुम्ही सगळे रस-पोळी खायला आलात तेव्हा शीतलनं आमरसाच्या वाटीला हात लावला नव्हता, तोंड आलंय म्हणाली होती. तेव्हा कुठली फिल्म? उन्हाळ्यापासून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे एकावर एक उपास तिनं धरले, आणि उपासाचा साबुदाणा पण आजीला देऊन टाकायची, तेव्हा कुठली फिल्म? शाळेचे कुर्ते तू स्वतःच्या मशीनवर बाजूनं आवळून दिलेस, आणि परत आवळलेस, आणि मला कौतुकानं म्हणालीस की पोरगी उंच व्हायला लागली. उंच झाली असती तर कुर्ता आखूड झाला असता गं, सैल कसा झाला? माझ्याकडे केस कापायला बसते तेव्हा कंगव्यात एवढा पुंजका येतो की मी तो तिला दिसू नये म्हणून मुठीत धरते. मी बायकांच्या डोक्याला रोज हात लावते, ताई. चौदा वर्षांच्या पोरीचे केस असे जात नाहीत.

आणि हे कुठून सुरू झालं तेही मला माहीत आहे, कारण ते शीतलनंच मला हसत हसत सांगितलं होतं, विनोद सांगावा तसं. क्लासमधल्या सरांनी कार्यक्रमासाठी पोरी उभ्या केल्या. बारीक पोरी पुढे, बाकीच्या मागे. शीतलचा नाच सगळ्यांत चांगला, हे तिच्या मैत्रिणीच म्हणतात. फुगडीला तिच्यासमोर कुणी टिकत नाही. आणि सर म्हणाले, जाडी, तू पीछे. तेव्हापासून क्लासमध्ये तिचं नावच जाडी पडलं. भाऊजी पण लाडानं तेच म्हणायचे ना, मेरी जाडी कहां है? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, मी शपथेवर सांगते नव्हतं. पण पोरीनं ते मनात ठेवलं. आता म्हणता क्लास बंद. नाच बंद केल्यानं पोट भरणार आहे का? ज्या एका गोष्टीत तिचा जीव आहे तीच काढून घ्या, म्हणजे झालं बरं! क्लास बदला, त्या सरांना दोन शब्द ऐकवा, मी येते ऐकवायला. नाच राहू दे.

एवढं सगळं मी तुला भांडायला म्हणूनच लिहिणार होते. भांडायला मुद्दे हवेत म्हणून काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा पार्लरमध्येच मोबाइलवर ती फिल्म पुन्हा लावली. म्हटलं, बघू तरी असं काय शिकवलं तिनं माझ्या पोरीला. माझी म्हणते, रागावू नकोस. आणि तो सीन आला, शीतलनं पुन्हा लावायला सांगितलेला. मी तो विसरलेच होते, कारण त्यात नाच नाही, गाणं नाही, कुणी बोलत पण नाही. त्या पोरीची आई हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी असते. पोरगी जेवणाचा तो रुमाल रोज कचऱ्यात फेकत असते, पाइपात वाहून देत असते, कुणाला कधी सापडत नाही. त्या दिवशी ती तो फेकत नाही. दारामागे आईचा कोट टांगलेला असतो, त्याच्या खिशात ती तो रुमाल ठेवते आणि झोपायला जाते. आई कामाला निघते, जिन्यात किल्ली काढायला खिशात हात घालते, आणि तिच्या हाताला ते लागतं. ती बाई ओरडत नाही. तिथेच पायरीवर बसते. मग कामाला न जाता परत वर येते आणि पोरीच्या अंथरुणात, बुटांसकट, तिच्या पाठीला लागून झोपते. बस, एवढाच सीन.

मी फिल्म तिथेच थांबवली. ताई, तुझ्या घरात लपवायला जागा काय कमी आहेत? मागे गटार वाहतं, गल्लीत गाई फिरतात, खिडकीतून टाकलं तरी कावळे ठेवणार नाहीत. उन्हाळ्यापासून ती पोरगी जेवण कुठे ना कुठे घालवतेच आहे आणि तुला एकदाही सापडलं नाही, एवढी ती हुशार. आणि कुळाचा रोट, ज्याच्यावर सगळ्या घराचा डोळा, तो ती ठेवते कुठे? तुझ्या मशीनच्या खणात. जिथे सकाळी अंघोळ करून बसलीस की तुझा पहिला हात जातो. आणि ठेवते कशात? ज्या रुमालावर तू स्वतः तिचं नाव भरलंस त्यात. लपवणारं माणूस आपलं नाव घालून ठेवतं का गं कधी?

म्हणून हे पत्र, ताई. तू म्हणालीस ते खरं आहे, आणि ते कबूल करायला मला जराही कमीपणा नाही. ती फिल्ममधूनच शिकली. न जेवणं तिला आधीपासून येत होतं, लपवणं पण येत होतं. आईच्या हाताला लागेल असं ठेवणं तेवढं ती माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर, माझी ओढणी पांघरून शिकली. त्याची शिक्षा मला खुशाल दे, पण असली फिल्म मी पुन्हा दाखवीन, शंभरदा दाखवीन. माझ्याकडे येणाऱ्या एक लेडी डॉक्टर आहेत, त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या हा आजार आहे, हट्ट नाही. मारून, रागावून, बळंच भरवून जात नाही, पण लवकर आणलं तर बरा होतो, आणि मावशी नको, आई हवी. येत्या बुधवारी संध्याकाळी त्यांनी वेळ दिली आहे. तुम्हा दोघींना न्यायला मी रिक्षा घेऊन येईन आणि बाहेरच बसेन, तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, भाऊजींचा शब्द मोडणार नाही. आणि तिनं मला विचारलेला तो प्रश्न राहिलाच. सीन पुन्हा बघून झाल्यावर शीतलनं विचारलं होतं, मावशी, आपल्याकडच्या आया पण असं करतात का गं? मी मस्करीत म्हटलं, आपल्याकडच्या आया आधी एक ठेवून देतात आणि मग कुशीत घेतात. तिनं ते खरं मानलं असणार, कारण तिनं मला खोटं बोलताना कधी बघितलेलं नाही. त्यातलं पहिलं तू मंगळवारी करून बसलीस. दुसरं अजून बाकी आहे, ताई, आणि ती पोरगी त्याची वाट बघत बसली आहे.

तुझीच, तू कितीही ब्लॉक केलंस तरी तुझीच,
उज्ज्वला